मेणाच्या आधी

(भुसावळ. पहाट. अर्धं वर गेलेलं शटर, आत पांढरी गाडी.)

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय. ही गाडी लेकीला सासरहून आणायला निघणार आहे, तिला चकाचक करायचंय. दुपारी इथे पारा ४५ अंशांना टेकतो. म्हणून पत्रा थंड आहे तोवर, उजाडायच्या आतच कामाला हात घातलेला बरा.

वरवर बघितलं तर गाडी स्वच्छच आहे. मालक रोज सकाळी पुसतात.

(टॉर्चचा तिरपा उजेड बोनेटवर.)

आणि हे बघा त्या पुसण्याचं फळ. गोल गोल, बारीक ओरखड्यांचं जाळं. काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याखाली सापडते आणि दररोज रंगावर घासली जाते. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गाडीची सगळी चमक त्या थरात असते, आणि तो एकदा झिजला की पुन्हा भरून येत नाही.

गाडी यावल तालुक्यातल्या एका केळीवाल्या कुटुंबाची. मुलगा रेल्वेत. म्हणजे काही दिवस गाडी मळ्यात निंबाखाली उभी, काही दिवस स्टेशनच्या भिंतीलगत. मळ्यात केळीच्या चिकाचे तपकिरी डाग आणि पाखरांची घाण. स्टेशनजवळ मात्र असं काही बसतं जे नजरेला पडतच नाही.

(हात, पातळ प्लास्टिकची पिशवी, डिकीचा पत्रा.)

गाडी धुऊन झालीय. दोन बादल्या, एकीत शॅम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. टपापासून सुरुवात, खालची बाजू सगळ्यात शेवटी. दादा मूळचे अमळनेरकडचे, बरीच वर्षं हेच काम करतात. धुतलेल्या पत्र्यावर ते उघड्या हातानं काही तपासत नाहीत. हात पिशवीत घालतात आणि बोटं हलकेच फिरवतात. पिशवीमुळे बोट घसरतं, आणि मधे जे अडतं ते नेमकं कळतं. आवाज ऐका. खर्र, खर्र. ही धुतलेली गाडी आहे.

हे लोखंड आहे. आगगाडी ब्रेक लावते तेव्हा चाकातून, रुळातून, ब्रेकमधून लोखंडाचे कण उडतात. आपल्या मोटारीच्या ब्रेक डिस्कमधूनही तेच उडतं. गरम कण क्लिअर कोटवर चिकटतो, पावसात गंजतो आणि हळूहळू आत रुतत जातो. पांढऱ्या रंगावर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसतात ते हेच. शॅम्पूनं ते जात नाहीत, घासून तर नाहीच नाही.

(आयर्न रिमूव्हरचा फवारा. स्थिर कॅमेरा.)

आता थांबून बघा.

फवारा पाण्यासारखा बिनरंगी. थोडा वेळ काहीच होत नाही. मग एका ठिपक्याभोवती जांभळी कडा उमटते. मग दुसऱ्या. मग अख्ख्या दरवाज्यावरून जांभळे ओघळ उतरायला लागतात. यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. त्याचा लोखंडाशी संयोग झाला की हा रंग येतो, आणि कण विरघळून सुटा होतो. जिथे लोखंड नाही तिथे जांभळं काही येत नाही. मागच्या दरवाज्याखाली, चाकाच्या कमानीजवळ रंग सगळ्यात गडद आहे, कारण चाकांकडून उडालेली भुकटी तिथेच बसते. वास सडक्या अंड्याचा. हातात रबरी मोजे हवेतच, दारंही उघडी हवीत. मिनिटा-दोन मिनिटांत, वाळायच्या आत, भरपूर पाण्यानं धुवायचं. वाळू दिलं तर त्याचेच डाग पडतात. म्हणून उन्हात हे काम करूच नये.

दरवाज्यांच्या खालच्या पट्टीवर डांबराचे काळे थेंब आहेत, जळगाव-धुळे महामार्गाची आठवण. ते टार रिमूव्हरनं भिजवायचे, मऊ झाले की टिपून घ्यायचे.

(क्ले बार. दोन बोटं.)

एवढं करूनही जे उरतं, झाडाचा चिवट चीक, रंगाचे उडालेले तुषार, त्यासाठी क्ले, म्हणजे मळता येणारा चिकणमातीसारखा गोळा. दादा भाकरीच्या उंड्यासारखा तो मळून घेतात, मऊ करतात, चपटा करतात. पत्र्यावर शॅम्पूचं निसरडं पाणी, आणि त्यावर क्ले नुसता सरकवायचा. जोर लावायचा नाही. आधी बोटांना अडखळणं जाणवतं, चार-पाच फेऱ्यांत ते नाहीसं होतं. मग क्ले उलटून बघायचा.

(क्लेच्या पिवळ्या पृष्ठभागावर तपकिरी रेघा.)

धुतलेल्या, फवारलेल्या, पुन्हा धुतलेल्या गाडीवरून एवढं निघालं. मळका भाग आत दुमडायचा, नवी बाजू वर घ्यायची. आणि क्ले जमिनीवर पडला तर तो टाकूनच द्यायचा, कितीही महाग असो. खाली चिकटलेला एक खडा अख्खं बोनेट ओरखडून ठेवतो.

“हात लाई देखा, भाऊ.” मालक पिशवी न घालताच हात फिरवतात.

(पॉलिश मशीन, धावती दृश्यं.)

क्लेनं आलेली पुसट रेघ आणि फडक्याचे जुने ओरखडे हलक्या पॉलिशनं कमी होतात. पॉलिश थर खरवडतं, मेण थर चढवतं. दोन्ही एकच समजून बाजारात सर्रास एकाच डबीवर भागवलं जातं. धूळ आणि लोखंड तसंच ठेवून वर मेण फासलं, तर आपण घाण झाकून ठेवली एवढंच होतं.

(मेणाची उघडी डबी. फिकट पिवळं.)

हे कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्येला, सियारा आणि पियाउई या राज्यांत वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाचं मेण. तिथला उन्हाळाही कोरडा आणि कडक. पानातलं पाणी उडू नये म्हणून हे झाड पानांवर मेणाचा थर धरतं. पानं कापतात, वाळवतात, झोडपतात आणि सुटलेली मेणाची भुकटी वितळवतात. शुद्ध कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना वितळतं, झाडांच्या मेणात हे फार वरचं. दुष्काळाशी झगडणाऱ्या झाडानं स्वतःसाठी केलेली सोय आज खान्देशातल्या पत्र्यावर चढतेय, याचं मला फार अप्रूप आहे.

लावताना मात्र हात आखडता. स्पंजला बोटभर मेण, एका वेळी एकच भाग, आणि थर इतका पातळ की तिरपं बघितल्याशिवाय दिसू नये. जाड लावल्यानं चमक वाढत नाही, फक्त पुसताना दमछाक होते. धुरकट झालं की बोटानं एक रेघ ओढून बघायची. रेघ स्वच्छ उमटली तर पुसायची वेळ झाली, ओशट राहिली तर थांबायचं. मायक्रोफायबरची चौपदरी घडी, एका बाजूनं मेण उचलायचं, दुसरीनं झळाळी आणायची.

(बोनेटवर पाण्याचे गोल थेंब.)

इथल्या उन्हात हे मेण महिना-दीड महिना टिकतं, गाडी सावलीत राहिली तर थोडं जास्त. थेंब गोल राहायचे थांबले की पुन्हा लावायचं. जांभळं पाणी विहिरीकडे किंवा शेतात जाऊ देऊ नये. क्ले मात्र दरवेळी लागत नाही. आधी पिशवीत हात घालून बघा, खरखर लागली तरच क्ले काढा. आणि रोजची धूळ पाण्यानं उतरवा, कोरडं फडकं गाडीतून काढून घरी ठेवा.