‘जिन’ या शब्दाची घराणी

नमस्कार, श्रोतेहो. दिवाळी उलटली की वर्धा-यवतमाळकडच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या दिसू लागतात, आणि घरधनी कुठे गेला असे विचारले, तर ‘जिनात गेले’ एवढेच उत्तर मिळते. जिन म्हणजे कापसातले बी, अर्थात सरकी, वेगळी काढण्याचा कारखाना. इंग्रजीचा गंध नसलेल्या आजीच्या तोंडीही रुळलेला हा शब्द मूळचा इंग्रजी आहे, आणि त्या भाषेत या एकाच रूपाखाली वेगवेगळ्या घराण्यांचे शब्द नांदतात.

आपला जिन म्हणजे ‘एंजिन’चे आखूड रूप. लॅटिनमध्ये ‘इंजेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी; जुन्या फ्रेंचमध्ये त्याचाच ‘एंजिन’ झाला आणि युक्ती, कावा व त्या युक्तीने घडवलेले साधन असे सगळेच अर्थ त्यात आले. इंग्रजीत त्याचे पहिले अक्षर गळाले आणि उरलेला ‘जिन’ शिकारीच्या सापळ्याला, पुढे ओझे उचलणाऱ्या यंत्रालाही चिकटला. सरकी काढण्याचा अर्थ बराच उशिराचा असून, एली व्हिटनी या अमेरिकन माणसाने १७९३ साली बनवलेल्या यंत्रामुळे तो गाजला. त्या यंत्राला तारेचे दाते होते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चामड्याचे रूळ असतात : रुळाच्या खरखरीत अंगाला धरून तंतू पातीखालून ओढला जातो, सरकी मात्र पातीपाशीच अडते आणि दुसरी हलती पाती तिला झटकून खाली पाडते. सापळ्याचा जुना अर्थ मला इथे फार पटतो; फक्त या सापळ्यात अडकते ते बी.

दारूच्या जिनचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ते नाव डच ‘येनेवर’वरून, म्हणजे ज्युनिपर या झुडपाच्या नावावरून आले, जिनिव्हा शहराशी जोडलेले नाते केवळ उच्चारातून निघाले. गोष्टींतला जिन्न अरबी असून, दडलेले असणे हा त्याच्या धातूचा अर्थ आहे. गंमत अशी, की अरबी कथा फ्रेंचमध्ये नेताना त्याच्यासाठी ‘जेनी’ हा लॅटिन वंशाचा शब्द वापरला गेला, आणि तो ‘इंजेनियम’चा सख्खा भाऊबंद निघतो. या दोघांच्या मुळाशी असलेला धातू संस्कृतात ‘जन्’ होऊन आपल्या ‘जन्म’ शब्दात बसला आहे.

अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातही नुसत्या यंत्राला नव्हे, तर अख्ख्या कारखान्यालाच ‘जिन’ म्हणतात. आपल्या माणसाच्या ‘जिनात’ तर त्याहून जास्त काही मावते : काट्यापुढची गाड्यांची रांग, सरकीचे ढीग, भावाची घासाघीस, आणि संध्याकाळी परतताना मिशांवर बसलेली रुई.