नाच बसवायला दुसऱ्याचे पाय लागतात

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'आजचे बॅले कोरिओग्राफर', आणि मघाशी चहा घेताना एका नानांनी विचारलं की ताई, बॅले म्हणजे ते पोट हलवायचं असतं तेच का. नाही नाना, तो बेली डान्स, ते वेगळं. बॅले म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून नाचतात तो, इटली-फ्रान्सच्या दरबारात जन्मला, रशियात मोठा झाला, आज जगभर आहे. एवढी ओळख पुरे, कारण मला नाचणाऱ्यांबद्दल नाही बोलायचं, नाच बसवणाऱ्यांबद्दल बोलायचंय. ते घडतात कसे, आणि आपल्याकडे का घडत नाहीत.

मी पाचोऱ्याला डान्स क्लास घेते, 19 वर्षं झाली. डिसेंबर लागला की शाळांची गॅदरिंग सुरू होतात आणि एका सीझनला मी 30-35 नाच बसवते, म्हणजे गाणं शाळेनं ठरवलेलं, ड्रेस भाड्यानं आणलेला, आठ दिवसात पोरं स्टेजवर. एका शाळेत मी म्हटलं होतं की या वर्षी एक नाच पोरींनाच बसवू द्या, मी नुसती बाजूला बसते, तर उत्तर आलं की मॅडम पालक समोर बसलेले असतात, प्रयोग घरी करा. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. कारण घरी करता येत नाही ना! कविता वहीत लिहिता येते, खोडता येते, चित्र खोलीत बसून काढता येतं, पण नाच बसवायचा तं दुसऱ्याचे पाय लागतात, हॉल लागतो, आणि त्या दहा-वीस जणांचा वेळ लागतो. तुमची कल्पना फसली तर वीस जणांची दुपार वाया जाते. म्हणून कुणी नवख्याच्या हातात माणसं देत नाही, आणि माणसं दिली नाहीत तर तो नवखाच राहतो.

आता बाहेर हे कसं सुटतं ते बघा. ख्रिस्तोफर व्हील्डन नावाचा इंग्रज पोरगा, जन्म 1973 चा, लंडनच्या रॉयल बॅले या नाचाच्या कंपनीत नाचायचा. पाय दुखावला म्हणून घरी पडून होता, टीव्हीवर जाहिरात लागली की व्हॅक्यूम क्लीनर घ्या आणि विमानाचं तिकीट फुकट मिळवा. त्यानं घेतला, न्यूयॉर्कला गेला, तिथल्या न्यूयॉर्क सिटी बॅलेत सहज सकाळच्या क्लासला उभा राहिला आणि 1993 मध्ये तिथंच नोकरीला लागला. ही गोष्ट सगळे नशिबाची म्हणून सांगतात. मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो, की त्या कंपनीनं त्याला नाचता नाचता नाच बसवू दिले, 2000 मध्ये त्यानं नाचणं सोडलं आणि 2001 मध्ये तो तिथला पहिला रेसिडेंट कोरिओग्राफर झाला. म्हणजे पगारी नोकरी, काम काय तर नवीन नाच बसवायचे. नंतर 2007 मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली, तीन वर्षांत ती सोडून बाहेर पडला, आणि तरी संपला नाही. 2011 ला लंडनमध्ये 'अ‍ॅलिस' या मुलांच्या गोष्टीवर पूर्ण रात्रीचा बॅले केला, 2015 ला ब्रॉडवेवरचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांचा, टोनी पुरस्कार घेतला. त्याला परत उभं राहायला जागा होती.

त्याच न्यूयॉर्क सिटी बॅलेनं 2000 मध्ये एक कोरिओग्राफिक इन्स्टिट्यूट सुरू केली, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. तिथं नवीन कोरिओग्राफरला उत्तम डान्सर देतात, स्टुडिओ देतात, थोडे आठवडे देतात, आणि शेवटी शो झालाच पाहिजे अशी अट नाही. तिकीट नाही, समोर पालक नाहीत. पुढे जस्टिन पेक नावाचा मुलगा तिथं शिकला. हा कंपनीत 2007 ला आला, कोअरमध्ये, म्हणजे मागच्या रांगेत नाचणारा. दिवसा रिहर्सल, रात्री शो, त्यातून जो वेळ उरेल त्यात नाच बसवायचा. 2012 मध्ये त्याचे दोन बॅले कंपनीनं केले, तेव्हा तो अजून मागच्या रांगेतच होता आणि आपल्याच सोबत्यांना शिकवत होता. कल्पना करा, सकाळी ज्याच्या शेजारी उभं राहून घाम गाळला त्यालाच दुपारी सांगायचं की तुझा हात चुकतोय. 2014 ला तो रेसिडेंट कोरिओग्राफर झाला, सत्ताविशीच्या आत. 2017 ला त्यानं 'द टाइम्स आर रेसिंग'मध्ये डान्सरना बॅलेचे बूट काढून स्नीकर घातले, आपले साधे कॅनव्हासचे बूट असतात तसे. माझ्या क्लासमधल्या पोरांना तो व्हिडिओ दाखवला तर सगळे आधी बुटांकडेच बघत होते.

पण पोरींचं काय? माझ्या क्लासला 40 मुली आणि 3 मुलं, तरी नाच बसवायला बोलावताना बाहेरून 'सर'च बोलावतात, हे तुम्हाला माहीत आहे. तिथंही तेच झालंय. 2017 मध्ये क्रिस्टल पाइट या कॅनडाच्या बाईनं रॉयल बॅलेच्या मोठ्या स्टेजसाठी 'फ्लाइट पॅटर्न' केलं, 36 डान्सर, निर्वासितांवर, अंगात मळके कोट घातलेली माणसं रांगेनं हळूहळू सरकतायत असं. त्या स्टेजवर बाईनं बसवलेलं नवीन काम 18 वर्षांनी आलं होतं! आणि तिचं पहिलं व्यावसायिक काम होतं 1990 चं, म्हणजे 27 वर्षं. मधे ती फ्रँकफर्टला विल्यम फोर्सिथ या कोरिओग्राफरकडे नाचली, 2002 ला स्वतःचा ग्रुप काढला.

कारण काय तर एक साधं कारण आहे. 'स्वान लेक'सारख्या बॅलेत मागं हंसिणी लागतात चोवीस-चोवीस, त्यामुळे मुली रोज रात्री स्टेजवर, रोज दिवसा रिहर्सलला. मुलगे कमी, त्यांना मोकळा वेळ मिळतो. शिवाय मुली भरपूर असल्यानं लहानपणापासून मुलीला शिकवतात की रांग मोडू नकोस, तुझ्यासारख्या दहा बाहेर उभ्या आहेत. आणि नाच बसवणं म्हणजे तं रांग मोडणंच आहे.

अक्रम खानचं सांगते, कारण त्यात आपलं काहीतरी आहे. हा लंडनचा, बांगलादेशी घरातला, प्रताप पवारांकडे कथक शिकलेला. तमारा रोहो तेव्हा इंग्लिश नॅशनल बॅले चालवायची, तिनं त्याला आधी 2014 मध्ये एक छोटं काम दिलं, 'डस्ट', पहिल्या महायुद्धावर. ते जमलं तेव्हा 2016 मध्ये पूर्ण 'जिझेल' हातात दिलं. आधी छोटं, मग मोठं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मूळ जिझेल 1841 ची, खेड्यातली पोरगी एका उमरावाच्या फसवणुकीनं मरते आणि भुतं झालेल्या पोरींमध्ये जाते. यानं काय केलं, तिला कपड्याच्या बंद पडलेल्या कारखान्यातली कामगार केलं, पुढं मोठी भिंत, भिंतीपलीकडे मालक. दुसऱ्या अंकातली भुतं म्हणजे कारखान्यात मेलेल्या बाया, हातात लांब काठ्या, पायाच्या टोकावर. अमळनेर-धुळ्याकडच्या ज्या घरांनी गिरणीचा भोंगा ऐकलाय आणि मग तो बंद झालेलाही ऐकलाय, त्यांना ही जिझेल समजावून सांगावी लागणार नाही. माझ्या सासूबाई ती बघताना सुरुवातीला 'हाई काय शे व माय' म्हणत उठून चालल्या होत्या, भिंत आली तेव्हा परत बसल्या.

तर मी काय केलं ते सांगते. दोन वर्षांपासून मे महिन्यात, क्लास बंद असतो तेव्हा, सकाळी 7 ते 9, कारण त्यानंतर आपल्या जळगाव जिल्ह्यात हॉलमध्ये उभं राहवत नाही, मोठ्या मुलींना हॉल देते. तीन आठवडे. एकीनं बसवायचं, बाकीच्यांनी तिचं ऐकायचं. शो नाही, व्हिडिओ नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांनी रील्समधल्याच स्टेप्स जोडल्या, मी गप्प बसले, खूप अवघड गेलं.

मागच्या मे मध्ये अकरावीतल्या एका मुलीनं कापूस वेचणी घेतली. तिची आई वेचायला जाते. सहा जणी उभ्या केल्या, दोन्ही हात पुढं, बोंडातून कापूस ओढायचा आणि कमरेच्या ओटीत टाकायचा, एवढंच. पोरी हात ओटीत नेताना खाली बघायच्या. ती थांबवायची, परत करायला लावायची, शेवटी चिडून म्हणाली, 'ओटीकडे बघू नका, आई कधीच बघत नाही, तिची नजर पुढच्या झाडावर असते.' मी 19 वर्षं शेतकरी नृत्य बसवतेय, हे मला कधी दिसलं नव्हतं. मग सहाही जणींचे डोळे पुढं गेले आणि हात आपोआप मागं राहिले, आणि सगळ्या हॉलमध्ये एकदम वावर दिसायला लागलं. चार मिनिटांचं झालं होतं, तिनं स्वतःच दोन मिनिटं काढून टाकली.

येत्या मे मध्ये ती परत येणारे. तिला आता 12 जणी पाहिजेत, माझ्याकडे 8 आहेत. तुमच्या घरात कुणी असेल तर कार्यक्रम झाल्यावर मला भेटा, सकाळी सातला यायचं, फी नाही, सोबत पाण्याची बाटली आणायची.