चेहरे नाहीत, फक्त हात

(दृश्य: गोठा. एकच पिवळा बल्ब. ताडपत्रीवर पडणारे पत्ते. मागे बैलांच्या घुंगरमाळा.)

पत्त्यांच्या डावावरचा थ्रिलर म्हटला की सगळी मदार चेहऱ्यांवर. जुने मित्र टेबलाभोवती बसतात, कॅमेरा डोळ्यांत शिरतो आणि कुणाची पापणी लवते ते आपण बघत राहतो. आमच्या माहितीपटाला ती सोय नव्हती. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात पोळ्याच्या रात्री पैसे लावून तीन पत्तीचा डाव बसतो. तिथे कॅमेरा आत आला तो एकाच अटीवर: चेहरे घ्यायचे नाहीत.

अट रास्तच होती. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. रमीला सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, तीन पत्तीचं नशीब तेवढं कुठे! पोळ्याच्या रात्री लांबून गाडीचा आवाज आला तरी ताडपत्रीचं एक टोक आधीच उचललेलं असतं.

म्हणून हात. चार मित्रांचे, दहावीपर्यंत एकाच वर्गात बसलेल्यांचे.

(दृश्य: जवळून एक बोट. नखात लाल रंग.)

हा दुपारपर्यंत बैलांची शिंगं रंगवत होता. बेगड, झूल, तोरण, झडत्या म्हणजे पोळ्यातली गाणी, सगळं पार पडलं, पण नखातला रंग गेला नाही. पहिल्याच वाटपात त्याच्या बोटाचा ठसा बदामाच्या एक्क्याच्या पाठीवर उमटला. सिनेमात यावरून खून पडला असता. इथे कुणी कॅट बदलला नाही.

तीन पत्त्यांच्या तऱ्हा होतात 22,100. त्यांत तिन्ही पत्ते सारखे येणार फक्त 52 वेळा. ना जोडी, ना रंग, ना सिक्वेन्स, असं भुक्कड पान 16,440 वेळा. म्हणजे चारातले तीन डाव हातात काहीच नसतं. मग खेळायचं काय? समोरचा माणूस. आणि समोरचा माणूस तर पाठ झालेला आहे. त्याच्या शेतात किती क्विंटल होतं, पोरीची फी कधी भरायची, सोसायटीचं कर्ज किती थकलंय, सगळं.

त्यात पोळा येतो तो खिसा रिकामा असताना. बियाणं, खत, निंदण यांत पैसा गेलेला. कपाशी पात्या-फुलांवर, सोयाबीन शेंगेत. कापूस घरात यायला दसरा उजाडतो. त्यामुळे इथली मोठी रक्कम म्हणजे लाख-दोन लाख नव्हे. पंधराशे रुपये. बोंडअळीच्या फवारणीचे.

(दृश्य: दोघेच उरलेत. मध्ये नोटांचा ढीग.)

रंगाऱ्याने पत्ते पाहिलेत, म्हणून त्याला दर चालीला दुप्पट पैसे टाकावे लागतात. समोरचा ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघताच खेळणारा, त्याचे तिन्ही पत्ते अजून जमिनीवर पालथे. तो रंगाऱ्याच्या हातातल्या पत्त्याची पाठ बघतो. लाल ठसा.

"एक्का हाये तुह्यापाशी."

"मंग पॅक कर ना बे."

"नाई करत."

शंभर. इकडून दोनशे. पुन्हा शंभर, पुन्हा दोनशे. रंगाऱ्याचा अंगठा पत्त्याच्या कडेवरून खालीवर फिरतोय. त्याचा मित्र त्या अंगठ्याकडे बघतोय, आम्हीही. मागे एक बैल जोरात फुरफुरतो, कुणीच वळत नाही.

पंधराशेतली शेवटची नोट पडते. शो.

एक्का, नव्वी, चौकी. बस एवढंच.

मग पालथे पत्ते एकेक करून उलटतात. सत्ती. दुसरी सत्ती. जोडी. तिसरा पत्ता कुणी बघितलासुद्धा नाही.

इथे कॅमेरा थोडा हलला आहे. तो आम्ही तसाच ठेवला.

ढीग ओढून घेणारा हात थांबतो. नोटा मोजतो, पंधराशे बाजूला काढतो आणि ताडपत्रीवरून पलीकडे सरकवतो.

"फवारनीचे हायेत ना हे? घे. कापूस निंगाला का देजो."

लाल नखांचा हात बराच वेळ तिथेच थांबला. मग त्याने नोटा उचलल्या, घडी घातली. उठेल असं आम्हाला वाटलं होतं.

त्याने घडीतून एक नोट काढून मध्ये टाकली.

"वाट."