वाळूचे कण आणि घातांकांची बेरीज

श्रोतेहो, नमस्कार. बीजगणितात घातांकांचे जे प्राथमिक नियम आपण शिकतो, त्यांविषयी आज बोलणार आहे. वर्ग म्हणजे काय आणि घन म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा व्याख्येत फार वेळ घालवत नाही. दोनचा पाचवा घात म्हणजे पाच वेळा दोन घेऊन केलेला गुणाकार. त्यात दोन हा पाया आणि पाच हा घातांक. पाया सांगतो कोणाला गुणायचे, घातांक सांगतो किती वेळा घ्यायचे. पुन्हा एकदा सांगतो, कारण पुढचे सारे याच वाक्यावर उभे आहे: पाया सांगतो कोणाला, घातांक सांगतो किती वेळा.

आता दोनच्या तिसऱ्या घाताला दोनच्या चौथ्या घाताने गुणायचे आहे. पहिल्यात तीन दोन आहेत, दुसऱ्यात चार दोन आहेत, आणि मध्ये गुणाकाराचेच चिन्ह आहे. म्हणजे सगळे मिळून सात दोन एका ओळीत आले. उत्तर दोनचा सातवा घात, म्हणजे १२८. आठ गुणिले सोळा करून पाहा, तेच येईल. पुष्कळ विद्यार्थी येथे पायांचाही गुणाकार करतात आणि चारचा सातवा घात असे लिहितात. त्याची किंमत १६,३८४ होते. चूक हाताची नसते, ती मोजणी न करता नियम आठवू पाहण्याची असते. पाया तोच राहतो, घातांकांची बेरीज होते. माझे मत असे आहे की, सूत्रांचा तक्ता विद्यार्थ्यापुढे पहिल्या दिवशी ठेवूच नये. आठवडाभर त्याला लांबलचक गुणाकार पूर्ण लिहू द्यावेत, म्हणजे आखूड लिहिण्याची गरज त्याची त्यालाच भासेल.

ही गरज किती खरी असते, हे सांगणारी एक हकिकत मला फार प्रिय आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूज येथे आर्किमिडीज राहत होता. राजा गेलोन याला उद्देशून त्याने एक छोटा प्रबंध लिहिला. त्या काळी कोणी म्हणत की वाळूचे कण अनंत आहेत, आणि कोणी म्हणत की ते अनंत नसले तरी तेवढी मोठी संख्या सांगता येणारच नाही. आर्किमिडीजने ठरवले की केवळ किनाऱ्यावरची वाळू नव्हे, तर सारे विश्व वाळूने भरले तरी त्या कणांहून मोठी संख्या आपण नाव देऊन सांगायची.

अडचण अशी होती की ग्रीक लोक संख्या अक्षरांनी लिहीत आणि त्यांच्या भाषेत स्वतंत्र नाव असलेली सर्वांत मोठी संख्या मिरियड, म्हणजे दहा हजार, एवढीच होती. त्याने मिरियड मिरियड, म्हणजे दहा कोटी, हे एक नवे एकक मानले. दहा कोटी म्हणजे दहाचा आठवा घात. तेथपर्यंतच्या संख्या पहिल्या श्रेणीच्या, मग दहा कोटीलाच एकक धरून दुसरी श्रेणी, आणि असेच पुढे. भाषा अपुरी पडली म्हणून त्याने हिशेब सोडला नाही. त्याने भाषाच वाढवली.

मग मोजणी सुरू झाली. खसखशीच्या एका दाण्याएवढ्या जागेत वाळूचे दहा हजारांहून अधिक कण मावणार नाहीत, असे त्याने धरले. असे चाळीस दाणे ओळीने ठेवले तर एका बोटाची रुंदी भरते. आता बोटाएवढ्या व्यासाचा गोल घ्या. व्यास चाळीस पट झाला की घनफळ चाळीसच्या घनाइतके, म्हणजे ६४,००० पट होते. त्याला दहा हजारांनी गुणले की ६४ कोटी कण होतात. आर्किमिडीजने ही संख्या वाढवून १०० कोटी, म्हणजे दहाचा नववा घात, अशी धरली. प्रत्येक ठिकाणी तो असेच करतो. अंदाज चुकलाच तर तो मोठ्या बाजूला चुकावा, ही त्याची दक्षता आहे.

येथून पुढे मात्र कृपया कान देऊन ऐका. त्याने गोलाचा व्यास शंभर पट केला. शंभर म्हणजे दहाचा दुसरा घात, आणि घनफळासाठी त्याचा घन करायचा. दोन दोन दहा तीन वेळा, म्हणून दहाचा सहावा घात. घाताचा घात काढताना घातांकांचा गुणाकार होतो, तो असा. म्हणजे व्यास शंभर पट झाला की कणांच्या घातांकात सहा मिळवायचे. शंभर बोटांच्या गोलात दहाचा १५ वा घात, दहा हजार बोटांच्या गोलात २१ वा. दहा हजार बोटे म्हणजे अंतर मोजण्याच्या ग्रीक मापातील एका स्टेडियनहून थोडे अधिक. विश्वाचा व्यास त्याने दहाच्या दहाव्या घाताइतक्या स्टेडियनांहून कमी धरला होता, म्हणजे शंभर पटीच्या आणखी पाच पायऱ्या: २७, ३३, ३९, ४५ आणि ५१. एवढे विश्व वाळूने भरायला दहाच्या ५१ व्या घाताहून कमी कण पुरतात.

पण तो एवढ्यावर थांबला नाही. सूर्य स्थिर आहे आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, असे ॲरिस्टार्कसने मांडले होते, आणि त्या मांडणीत ताऱ्यांचा गोल कितीतरी मोठा मानावा लागत होता. व्यास आणखी दहा हजार पट, म्हणजे घातांकात आणखी १२. दहाचा ६३ वा घात! ५१ आणि १२ यांची बेरीज कोणीही तोंडी करील. त्या बेरजेने येथे एवढ्या प्रचंड गुणाकाराचे काम केले आहे. ॲरिस्टार्कसची ही सूर्यकेंद्री कल्पना आपल्याला मुख्यतः याच प्रबंधामुळे माहीत आहे, हेही सांगितल्यावाचून राहवत नाही.

या हिशेबासाठी आर्किमिडीजने घातांकांच्या बेरजेचा नियम शब्दांत मांडला, पण त्याचे शब्द आपल्याहून थोडे निराळे आहेत. एकपासून सुरू होणाऱ्या रांगेतील दोन संख्यांचा गुणाकार कोठे पडेल, तर त्यांच्या क्रमांकांच्या बेरजेहून एक कमी अशा जागी. हा एक कमी का? कारण त्याने एक या संख्येला पहिली जागा दिली, दहाला दुसरी, शंभरला तिसरी. शंभर गुणिले शंभर, तीन अधिक तीन सहा, त्यातून एक वजा, पाचवी जागा, दहा हजार. एक या संख्येला शून्यावी जागा द्या, की ती वजाबाकी नाहीशी होते आणि नुसती बेरीज उरते. कोणत्याही शून्येतर संख्येचा शून्यावा घात एक असतो, हे पुष्कळांना लादलेले वाटते. ते लादलेले नाही, नियम अखंड राहावा म्हणून ते तसेच असावे लागते. पाचचा तिसरा घात भागिले पाचचा तिसरा घात: भागाकारात घातांकांची वजाबाकी होते, तीनातून तीन गेले शून्य, आणि संख्येला तिनेच भागले की येतो एक. आपल्या संख्यानामांतही हेच दिसते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत १८ नावे आहेत, पण परार्ध हा दहाचा १७ वा घात आहे.

एक सावधगिरी सांगायला हवी. हे सारे गुणाकार आणि भागाकार यांच्यापुरतेच आहे. दोनचा तिसरा घात अधिक दोनचा चौथा घात म्हणजे आठ अधिक सोळा, २४. तेथे घातांकांची बेरीज चालत नाही. मध्ये अधिक असेल तर नियम लागू नाही, हे कृपया विसरू नये.

राहिले ऋण घातांक. जर्मन गणिती मिखाएल श्टिफेल याने १५४४ साली दोन ओळी एकाखाली एक मांडल्या. वर शून्य, एक, दोन, तीन असे सहापर्यंत. खाली एक, दोन, चार, आठ असे ६४ पर्यंत. मग तो शून्याच्या डावीकडे सरकला. वर उणे एक, उणे दोन, उणे तीन, आणि खाली अर्धा, पाव, एक अष्टमांश. हाताशी कागद असेल तर या दोन ओळी लिहा आणि खालच्या ओळीतील एक अष्टमांशाला ६४ ने गुणा. वर उणे तीन आणि सहा यांची बेरीज तीन येते, आणि तीनच्या बरोबर खाली आठ लिहिलेले आहे.