राहता कुठं?

देऊळ, मशीद, चर्च, विहार सांभाळणाऱ्या मंडळींनो, धाप लागते म्हणून आलेल्या पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावायच्या आधी मी दोन गोष्टी विचारतो. राहता कुठं? स्वयंपाक कशावर करता? पुष्कळदा निम्मं निदान तिथंच होतं. वीटभट्टीच्या पाठीमागं, कचरा पेटतो त्या ओढ्याकाठी, ट्रक थांबतात त्या नाक्यावर राहणारी माणसं श्वासाचा पंप घेऊन जातात आणि महिन्याभरात परत येतात. औषध घेऊन ती त्याच धुरात झोपायला जातात, दुसरं काय होणार?

२०१९ साली केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या त्या यादीत आपली सांगली आहे. पण अख्ख्या सांगलीची मिळून एक हवा नसते. यंत्र जिथं बसवलंय तिथलीच हवा ते मोजतं. धुरातला अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा. नाकात अडत नाही, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातो. त्याची वर्षाची सरासरी मर्यादा आपल्याकडं घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणते. चुलीपुढं बसलेल्या बाईच्या नाकाशी किती, ते कुणी मोजत नाही.

गाळप सुरू झालं की बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. पहाटे तीनला चूल पेटते आणि त्याच कोपीत लेकरू झोपलेलं असतं. २०१६ च्या उज्ज्वला योजनेतली शेगडी असलीच तर ती गावाकडच्या घरात. इथं वाळकं लाकूड, मिळेल ते चिपाड. दिवसा फडात पाचट पेटलं की तो धूरही त्यांच्याच वाट्याला. साखर मात्र आपल्या सगळ्यांच्या चहात पडते. हे मला बोचतं, आणि ते तुम्हालाही बोचावं म्हणून आज मी इथं उभा आहे.

आता प्रार्थनेच्या जागेनं काय होऊ शकतं, त्याची गोष्ट. १९८२ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन काउंटीत, गरीब कृष्णवर्णीयांच्या भागात, पीसीबी या विषारी रसायनानं नासलेली माती पुरायचं सरकारनं ठरवलं. लोक चर्चमध्ये जमले, तिथून चालत निघाले आणि ट्रकपुढं रस्त्यावर आडवे झाले. पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. माती शेवटी तिथंच पुरली गेली. पण १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या चर्चनं देशभर पाहणी करून दाखवून दिलं, की घातक कचऱ्याची ठिकाणं कुठं येतात हे सगळ्यात जास्त, वस्ती कुठल्या वंशाची आहे यावरून ठरतं. ही पाहणी करायला एक चर्च पुढं आलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याला हे परकं नाही. मिरजेला दवाखान्यांचं गाव केलं ते १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलनं. गाडगेबाबा तर गावात आले की आधी खराटा घ्यायचे, कीर्तन रात्री. मग आपणही आपल्याच आवारापासून सुरुवात करू. देवळामागं प्लास्टिकसकट पेटणारं निर्माल्य, मिरवणुकीतले फटाके, उरुसात वस्तीच्या तोंडावर लावलेला जनरेटर: हे थांबवायला कुणाची परवानगी लागत नाही. उघड्यावर कचरा जाळला तर हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशानं पाच हजारांचा दंड आहे, मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजारांचा. तो निर्माल्याच्या ढिगालाही लागू होतो.

अन्नछत्राच्या पैशातून हंगामापुरती सिलिंडरं ऊसतोडीच्या टोळ्यांच्या अड्ड्यावर पोचवता येतील. ते कराच. पण माझा जास्त आग्रह एका साध्या वहीसाठी आहे. आईबाप दवाखान्यात येतात ते लेकराचा श्वास कोंडल्यावर. देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, विहारात मात्र ते आपणहून आणि नेमानं येतात. तिथं दाराशी वही ठेवा. कचरा कुठं पेटला, किती वाजता, त्या रात्री कुणाच्या घरात मूल खोकत होतं. लिहिता येत नसेल त्यांचं आपल्यातल्या पोरांनी लिहून घ्यावं. महिना झाला की चारी ठिकाणच्या वह्या एकत्र घेऊन आपण महापालिकेत जाऊ. मी बरोबर येईन. दोन वह्या मी आजच आणल्यात, टेबलावर आहेत.