खांबावरचं माकड

श्रोतेहो, नमस्कार.

मालवणच्या धक्क्याजवळ चहाची एक टपरी आहे. सकाळी सातला तिथे बसलं की आठपर्यंत जगातल्या बहुतेक प्रश्नांचा निकाल लागलेला असतो. 2025च्या मे महिन्यात, सीमेवर तणाव होता त्या दिवसांत, टपरीवाल्याने पेपरातली बातमी मोठ्याने वाचली. वीज, बँका अशा यंत्रणांवर सायबर हल्ले होऊ शकतात, सावध राहा, असं सरकार सांगत होतं. बाकावर आमच्या ओळखीचे एक तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचे प्रमुख, बसले होते. बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, "आमच्या लायटीक हॅकर कशाक होयो? वारो इलो काय जाताच ती!"

टपरी हसली. मीही हसलो, आणि मी तर एकतीस वर्षं विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून काढलेली.

दोन दिवसांनी तेच तांडेल मला एटीएमच्या रांगेत उन्हात उभे दिसले. मुंबईच्या भाच्याने व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला होता की सायबर हल्ला होणार, दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार. "काय तांडेलानू?" म्हटलं, तर जरा ओशाळून म्हणाले, "नाय ओ, म्हटलां, काडून ठेवलेले बरे." एटीएम नेहमीसारखी चालू राहतील, हा निरोप खोटा आहे, असं सरकारी पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केलं. रांग काही लगेच हलली नाही.

म्हणजे माणसाला भीती नाही असं नाही. सरकारने घातलेली भीती तेवढी त्याला पटत नाही. आज मला याच्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

तांडेलांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण ते अनुभवाचं आहे. किनाऱ्यावर विजेचा शत्रू म्हणजे खारं वारं. उन्हाळाभर तारा धरून ठेवणाऱ्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसत जातो. मेअखेरीस पहिली भुरभुर आली की तो थर ओला होतो, त्याच्यावरून वीज वाहायला लागते, ठिणगी उडते आणि फिडर, म्हणजे गावांकडे वीज नेणारी लाइन, ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. धो धो पावसात उलट ते मीठ धुऊन निघतं, म्हणून पहिला शिडकावा जास्त वाईट. त्यात आंब्या-फणसाच्या फांद्या, साप, वटवाघळं आणि माकडं. माकडाची चेष्टा करू नका. 9 फेब्रुवारी 2025ला अख्ख्या श्रीलंकेची वीज गेली, आणि तिथल्या मंत्र्यांनी सांगितलं की एका उपकेंद्रात माकड शिरलं होतं.

उलटंही झालेलं आहे. 2011 साली अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या एका पाणीपुरवठा योजनेचा पंप जळाला. नोंदी तपासल्या तर रशियातून कुणीतरी यंत्रणेत शिरल्याचं दिसलं. झालं! परकीय हल्ला झाल्याचा अहवाल निघाला, वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले. शेवटी कळलं की त्या योजनेचाच कंत्राटदार सुट्टीसाठी रशियाला गेला होता आणि योजनेच्या माणसांनी विनंती केली म्हणून त्याने तिथून लॉगिन करून आकडे बघितले होते. नोंदीत त्याचं नाव होतं. त्याला एक फोन करून विचारावं, हे अहवाल लिहिणाऱ्या कुणाला सुचलं नव्हतं. पंप साधाच बिघडला होता.

अशी दोन उदाहरणं ऐकली की टपरीवरचा माणूस म्हणणार, बघा, मी सांगत नव्हतो? इथे मात्र मला त्याला थांबवावं लागतं.

23 डिसेंबर 2015. युक्रेनमध्ये ऐन हिवाळा. वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या ऑपरेटरच्या पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. त्याचा हात माउसवर नव्हता. बाण सरळ एका ब्रेकरच्या, म्हणजे लाइनच्या मोठ्या स्विचच्या, चित्रावर गेला, क्लिक झालं, ब्रेकर उघडला, वीज तुटली. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. त्याने अडवायचा प्रयत्न केला तर त्यालाच बाहेर काढलं गेलं, पासवर्ड बदललेला. लोकांना तक्रार करता येऊ नये म्हणून कॉल सेंटरवर खोट्या फोनांचा मारा चालू होता. तीन वितरण कंपन्यांचे मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. मी ही हकीकत वाचली तेव्हा मला माझी खुर्ची आठवली, समोरचं पॅनेल आठवलं आणि पाठीतून थंड काहीतरी गेलं. खुर्चीत बसलेल्यालाच ते कळेल.

वीज काही तासांत परत आली. कशी? माणसं गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. जुनी व्यवस्था होती, हाताने चालवायची सोय अजून शाबूत होती, म्हणून.

युक्रेन लांब वाटत असेल तर उरणला या. 27 जून 2017ला न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलची संगणक यंत्रणा कोलमडली. कंटेनर कुठला, कुणाचा, कुठे ठेवायचा हे सगळं हाताने करायची वेळ आली. कुणी बंदरावर नेम धरला होता का? नाही. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरतात त्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून संगणकांचा एक विषाणू सोडलेला होता. टर्मिनल चालवणारी मेर्स्क ही डॅनिश कंपनी त्यात सापडली आणि तिच्याबरोबर आपलं रायगड जिल्ह्यातलं बंदर.

त्यातला एक तुकडा कोकणातल्या माणसाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कंपनीत कोण कोण आहे, कुणाला कुठे शिरायची परवानगी आहे, याची नोंद ठेवणारे सर्व्हर मेर्स्ककडे जगभर दीडशेच्या आसपास होते. सगळे पुसले गेले. एक वाचला, आफ्रिकेत घाना देशात. का वाचला? हल्ला झाला तेव्हा तिथली लाईट गेली होती! त्या एका प्रतीवरून त्यांनी कारभार पुन्हा उभा केला. आपल्याकडे लाईट गेल्यावर कुणी देवाचे आभार मानल्याचं मी ऐकलेलं नाही, पण मानायला जागा आहे.

तर हल्ले होतात. मग सरकार सांगतं ते पटत का नाही?

मच्छीमारांचंच उदाहरण घेऊ. बंदरात धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की होडी बाहेर काढायची नाही. डिझेल भरलेलं असतं, बर्फ घेतलेला असतो, खलाशांचा दिवस फुकट जातो. कधी वादळ वळतं आणि समुद्र तेलासारखा शांत पडून राहतो. तांडेल हवामान खात्याला शिव्या घालतात, पण पुढच्या वेळी बावटा दिसला की परत होडी ओढून घेतात. 2009च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं ते या किनाऱ्यावरचं कुणी विसरलेलं नाही. 3 जून 2020ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा ते येणार हे आधीच सांगितलेलं होतं आणि ते आलं. शिवाय बावटा एक दिवस उतरवतात. वादळ कुठे गेलं, किती जोराचं होतं, अंदाज चुकला का, हे चार दिवसांत सगळ्या बंदराला माहीत असतं.

सायबरचा बावटा चढताना मी पुष्कळदा पाहिला आहे. उतरताना एकदाही नाही. सावध राहा म्हणतात, पण कशापासून, कधीपर्यंत, आणि मी नक्की करायचं काय? काही घडलं नाही तर ते इशाऱ्यामुळे टळलं की मुळात येणारच नव्हतं, हे कोण सांगणार? आणि घडलं तर आणखी पंचाईत. 12 ऑक्टोबर 2020ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले, मानवी चूक होती. एक अंधार, दोन मंत्री, दोन कारणं. त्याआधी 2019च्या ऑक्टोबरात कुडनकुलमच्या अणुवीज केंद्राने सांगितलं की नियंत्रण यंत्रणेवर सायबर हल्ला शक्यच नाही, आणि दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने कबूल केलं की विषाणू सापडला होता, मात्र तो प्रशासकीय कामाच्या संगणकात. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. पण ऐकणाऱ्याने काय धरायचं?

युक्रेनचा तो हलणारा बाण मला सिंधुदुर्गात बसून माहीत आहे, कारण तीन महिन्यांच्या आत त्या हल्ल्याचा सविस्तर अहवाल जगापुढे ठेवला गेला. कोणत्या ईमेलमधून शिरले, किती महिने दबा धरून होते, सगळं. भोक अजून बुजलेलं नसताना ते कुठे आहे हे सांगू नये, मान्य. पण बुजल्यावर?

त्यात चोरांनी आणखी घाण केली आहे. "आज रात्री साडेनऊला तुमचा वीजपुरवठा बंद होईल, या नंबरवर अधिकाऱ्याशी संपर्क साधा," हा मेसेज तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. भाषा अगदी सरकारी, धमकीही सरकारी. आमच्या शेजारच्या वहिनींनी त्या नंबरवर फोन केला होता आणि थोडक्यात बचावल्या. आता खरोखरचा वायरमन फोन करतो तर त्या उचलत नाहीत. पैसे गेलेच तर 1930 हा नंबर आहे, तो लिहून ठेवा. वहिनींच्या मनातून जे गेलं, त्याची तक्रार मात्र तिथे घेत नाहीत.

दोष फक्त मंत्र्यांना देऊन मला मोकळं होता येणार नाही. आमच्या उपकेंद्रात बिघाडाचं एक रजिस्टर असे. फिडर किती वाजता ट्रिप झाला, किती वाजता चार्ज केला, आणि शेवटचा रकाना, कारण. एका रात्री, साल आता नेमकं आठवत नाही, फेब्रुवारी होता, आमचा एक फिडर अडीचला गेला. दहा मिनिटांनी परत लावला, राहिला. पाऊस नाही, वारा नाही. लाइनमन बॅटरी घेऊन सहा किलोमीटर लाइन चालून आला. खाली फांदी नाही, मेलेलं पाखरूसुद्धा नाही. मी रकाना कोरा सोडला.

सकाळी साहेबांनी रजिस्टर उघडलं, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे वर पाठवायचंय मला. असं कसं पाठवू?"

मी पेन उघडलं आणि लिहिलं, 'माकड'.

नमस्कार.