कुदळीपासून कॅमेऱ्यापर्यंत

(पडद्यावर: सकाळचं ऊन. भुईकोट किल्ल्याचा खंदक, झुडपं, पलीकडे तट.)

हा नगरचा भुईकोट. कागदोपत्री शहर आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच येतं. किल्ला लष्कराच्या ताब्यात, म्हणून आपला कॅमेरा खंदकाच्या अलीकडे. पलीकडे, त्या तटाच्या आत, ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी काँग्रेसच्या बारा नेत्यांना कैदेत आणून ठेवलं होतं. त्यांत पटेल होते, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. आणि जवाहरलाल नेहरू.

नेहरूंनी हातात कुदळ घेतली. फुलझाडांसाठी वाफे करायचे, तर जमीन सगळी दगडगोट्यांची. भर उन्हात खणत राहिले. खणता खणता जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले. एकदा एका भिंतीवर सुबक कोरलेलं कमळ निघालं, बहुधा दरवाजावरचं. मग कुदळ ठेवली आणि लेखणी उचलली. एप्रिल ते सप्टेंबर १९४४. पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून झालं.

(पडद्यावर: शीर्षकं. सूक्ताचा आवाज वाढतो, मग खाली.)

नेहरूंची जन्मशताब्दी तोंडावर आली आणि १९८८ मध्ये याच पुस्तकावरची श्याम बेनेगल यांची मालिका, ‘भारत एक खोज’, दूरदर्शनवर सुरू झाली. ५३ भाग. सुरुवातीचं हे नासदीय सूक्त ऋग्वेदातलं, संगीत वनराज भाटियांचं. ‘सृष्टि से पहले’ हे हिंदी मात्र वसंत देवांचं. तेच, ज्यांनी तेंडुलकरांचा ‘घाशीराम’ हिंदीत नेला.

(पडद्यावर: गोरेगाव, फिल्मसिटीचा रस्ता.)

चित्रीकरण मुख्यतः इथलं. सेट नितीश रॉय यांचे. कॅमेऱ्यामागे व्ही. के. मूर्ती. ‘कागज के फूल’मधला तो उन्हाचा झोत आठवा, तो यांचाच. पडद्यावर गुरुदत्तला उजळवणारा माणूस इथे सम्राट आणि सुलतान उजळवत होता, तेही टीव्हीच्या खोक्यासाठी!

खरी गंमत पात्रनिवडीत. हजारो वर्षांचा इतिहास, त्याला नट पुरणार किती? बेनेगलांनी जुन्या नाटक कंपनीचा मार्ग धरला. माणसं तीच, पोशाख बदला. सलीम घौस राम, तोच कृष्ण, तोच पुढे टिपू. ओम पुरी दुर्योधन झाला, अशोक झाला, अल्लाउद्दीन खिलजी झाला, औरंगजेब झाला. वर निवेदनाचा आवाजही त्याचाच. म्हणजे गोष्ट सांगणाराच घटकाभरात गोष्टीत शिरून सिंहासनावर बसायचा.

(पडद्यावर: औरंगजेब. कट. शिवाजी महाराज.)

समोर शिवाजी महाराज, नसीरुद्दीन शाह. ओम आणि नसीर हे दोघे दिल्लीच्या नाट्यविद्यालयातले सोबती, पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही एकत्र. नेहरू म्हणून रोशन सेठ; ‘गांधी’ चित्रपटातही नेहरू तेच होते. भागाभागांना जोडणारा धागा त्यांच्या हातात.

(पडद्यावर: महात्मा फुले. स्थिर चौकट, डोळ्यांवर.)

आणि हे जोतीराव. ओळखलंत? सदाशिव अमरापूरकर. पाच वर्षांपूर्वीच ‘अर्धसत्य’मध्ये याच ओम पुरीसमोर रामा शेट्टी होऊन त्यांनी प्रेक्षकांना घाम फोडला होता. त्या माणसाला फुल्यांची भूमिका द्यायची, यासाठी दिग्दर्शकाला नजर लागते. अमरापूरकर नगरचे. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही नगरलाच, मिस फरार यांच्याकडे. पुस्तक नगरचं, नट नगरचा. कुणी ठरवून केलं नसेल, पण नगरकराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पुढे केबल आली, आणि एवढ्या पल्ल्याचं काम टीव्हीवर फारसं झालं नाही.

(पडद्यावर: पुन्हा खंदक. फक्त पाखरांचा आवाज. निवेदन नाही.)